लगाम कोठे घालावा? वीजजाळ्यातील दोषप्रवाहाची कहाणी

नववी-दहावीच्या वर्गात ओहमचा नियम शिकवून झाला, की फळ्यावर एक गणित हमखास येते. पुरवठा २२० व्होल्टचा, हीटरचा रोध २२ ओहम. तर प्रवाह किती? उत्तर १० अँपिअर. हेच गणित एक पायरी पुढे नेऊन पाहावे. हीटरला जाणाऱ्या तारांचे आवरण खराब झाले, दोन तारा एकमेकींना टेकल्या आणि वाटेत उरला तो फक्त तारांचा स्वतःचा ०.२ ओहम रोध. आता प्रवाह किती? उत्तर येते १,१०० अँपिअर. प्रवाह ११० पट झाला. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते हा ज्यूलचा नियम लावला, तर तारेतली उष्णता १२,१०० पट झाली.

येथे विद्यार्थ्यांना एक प्रश्न विचारण्यासारखा आहे. हीटर चालू असताना प्रवाह किती असावा, हे हीटरने ठरवले होते. तारा टेकल्यावर हीटर बाजूलाच पडला. मग आता प्रवाहाला मर्यादा घालणारे कोण उरले? उरली ती फक्त मागची वाट : घरातली तार, गल्लीतली तार, डीपीवरचे रोहित्र, त्यामागचे उपकेंद्र आणि त्याच्याही मागची जनित्रे. ही वाट जितकी मोकळी, तितका अपघाती प्रवाह मोठा. म्हणजेच जाळे जितके समर्थ, तितका त्यातला दोष विध्वंसक.

या अपघाती प्रवाहाला अभियंते दोषप्रवाह म्हणतात. गेली सुमारे १४० वर्षे त्याला आवरण्याची खटपट चालू आहे. ही खटपट म्हणजे नुसती मोठ्या फ्यूजकडून आणखी मोठ्या फ्यूजकडे झालेली वाटचाल नव्हे. प्रवाह आवरायला जावे, तर जाळे दुबळे होते आणि डळमळू लागते, असा एक पेच तिच्या मुळाशी आहे. हा पेच कसा ध्यानात आला, आणि त्याचे उत्तर ‘काय बसवावे’ याइतकेच ‘कोठे बसवावे’ यात कसे दडलेले आहे, ते या लेखात पाहू.

एकाच केंद्रातली दोन दुखणी

४ सप्टेंबर १८८२ रोजी न्यूयॉर्कमधील पर्ल स्ट्रीट येथे एडिसनचे वीजकेंद्र सुरू झाले. पहिल्या दिवशी सुमारे ४०० दिवे लागले. त्याच्या आधीच, १८८० साली, एडिसनने दिव्यांच्या मंडलासाठी एका ‘सुरक्षा-वाहका’चे पेटंट घेतले होते. कल्पना साधी होती. तारेच्या वाटेत मुद्दाम एक बारीक, चटकन वितळणारा तुकडा ठेवायचा. प्रवाह बेसुमार वाढला, तर घर पेटण्याआधी तो तुकडा वितळून वाट तोडेल. चिनी मातीच्या ज्या फ्यूजला आपल्याकडे सर्रास ‘किटकॅट’ म्हणतात, त्याचा हा पूर्वज.

पण याच केंद्रात आणखी एक दुखणे डोके वर काढून गेले. केंद्र सुरू होण्याआधीच्या चाचणीत एडिसनने दोन जनित्रे एकमेकांना जोडून पाहिली. प्रत्येक जनित्र आपापल्या वाफेच्या इंजिनावर फिरत होते. जोडणी होताच एक जनित्र जोरात पळू लागले आणि दुसरे मंदावले. मंदावलेले यंत्र वीज देण्याऐवजी पहिल्याकडून वीज घेऊन मोटरसारखे फिरू लागले. थोड्याच वेळात भूमिका उलटल्या. झोपाळ्यासारखे हे हेलकावे वाढतच गेले. दोष इंजिनांच्या वेगनियंत्रकांत होता, आणि पुढे इंजिने बदलून तो दूर केला गेला.

पहिल्या दुखण्याला आज आपण लघुमंडल किंवा शॉर्ट सर्किट म्हणतो; दुसऱ्याला अस्थैर्य. एकाच छपराखाली जन्मलेली ही दोन दुखणी पुढची कित्येक वर्षे वेगवेगळी समजली गेली. त्यांचे नाते कळायला वीजकेंद्रे पुष्कळ मोठी व्हावी लागली.

तोडणारी यंत्रे

केंद्रे मोठी होऊ लागली, तसा फ्यूज अपुरा पडू लागला. फ्यूज एकदा वितळला की बदलावा लागतो. शिवाय मोठा प्रवाह तोडताना दोन टोकांमध्ये जी विजेची ज्योत पेटते, ती विझता विझत नाही. म्हणून सर्किट ब्रेकर आले. अमेरिकेतील जे. एन. केल्मन याने १९०१ साली बनवलेला ब्रेकर म्हणजे तेल आणि पाणी भरलेली लाकडी पिंपे होती. ज्योत द्रवात बुडवून विझवायची, ही त्यामागची युक्ती. ४० किलोव्होल्टच्या वाहिनीवर २०० ते ३०० अँपिअरचा दोषप्रवाह तो तोडू शके. एप्रिल १९०२ मध्ये तो कामाला लागला, आणि मार्च १९०३ मध्ये थोड्या थोड्या वेळाने पुन्हा पुन्हा उघडावा लागल्यामुळे पेटते तेल उडून आग लागली. त्याची कारकीर्द तेथेच संपली.

पुढे ब्रेकर सुधारत गेले. तेलानंतर दाबाखालील हवा, मग सल्फर हेक्झाफ्लोराइड वायू आणि निर्वात पोकळी यांत ज्योत विझवली जाऊ लागली. ४०० किलोव्होल्टच्या उपकेंद्रांत आज ४०, ५० किंवा ६३ हजार अँपिअर तोडू शकणारे ब्रेकर असतात. तरी एक अडचण कायम राहिली, आणि ती वेळेची होती.

आपल्याकडे विजेचे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे असते. दोषप्रवाहाचे सर्वांत मोठे शिखर पहिल्या १० मिलिसेकंदांच्या आसपासच येऊन जाते. दोष ओळखून, संपर्क उघडून, ज्योत विझवायला ब्रेकरला दोन ते पाच आवर्तने, म्हणजे ४० ते १०० मिलिसेकंद लागतात. ब्रेकर आपले काम करतो, पण पहिला तडाखा बसून गेल्यावर.

हा तडाखा नुसत्या उष्णतेचा नसतो. ४० हजार अँपिअरच्या दोषप्रवाहाचे पहिले शिखर १ लाख अँपिअरपर्यंत जाऊ शकते. एकमेकींपासून १ मीटर अंतरावरच्या दोन समांतर पट्ट्यांतून असा प्रवाह वाहिला, तर त्यांच्यातले बल किती? दहावी-बारावीचे सूत्र लावावे. दर मीटर लांबीला सुमारे २,००० न्यूटन, म्हणजे जवळजवळ २०० किलो वजनाइतके बल येते. आधारांच्या चिनी मातीच्या खुंट्या तडकतात आणि रोहित्रातली वेटोळी आपल्या जागेवरून सरकतात, ती या बलामुळे. तेव्हा प्रवाह तोडण्याआधी तो मुळात वाढूच न देणारे काहीतरी हवे होते.

चोकचा उपाय आणि त्याची किंमत

एलईडी येण्यापूर्वी आपल्या घराघरांतील ट्यूबलाइटच्या पट्टीवर एक जड चोक असे. नळीतला वायू एकदा पेटला की तो वाटेल तेवढा प्रवाह ओढू पाहतो. चोक त्याला आवरून धरतो. चोक म्हणजे तारेचे वेटोळे. प्रत्यावर्ती प्रवाहाला ते अडथळा करते, पण रोधासारखी वीज जाळत नाही. हाच उपाय विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात मोठमोठ्या वीजकेंद्रांत आला. फरक एवढाच, की या रिॲक्टरांच्या पोटात लोखंड नसे. प्रचंड प्रवाहात लोखंड चुंबकीयदृष्ट्या संपृक्त होते आणि नेमक्या गरजेच्या क्षणी अडथळा घटतो. म्हणून जाड तारेची वेटोळी सिमेंट काँक्रीटच्या खांबांत ओतून बसवली जात.

त्यांची गरज का पडली, हे शिकागोकडे पाहिले की कळते. १९०३ साली तेथील फिस्क स्ट्रीट केंद्रात ५,००० किलोवॉटचे टर्बाइन बसले आणि त्या काळी ते थक्क करणारे मानले गेले. पुढे यंत्रे त्याहून कितीतरी मोठी झाली, आणि एका केंद्राला दुसरे केंद्र जोडले जाऊ लागले. एकाच्या संकटात दुसऱ्याने मदत करावी, हा जोडण्यामागचा हेतू. पण मदतीचा रस्ता तोच दोषप्रवाहाचाही रस्ता. म्हणून केंद्रांच्या मध्ये रिॲक्टर घालण्याची पद्धत पडली.

येथे चार्ल्स स्टाइनमेट्झ यांचे नाव घ्यावे लागते. १८६५ साली ब्रेस्लाऊ येथे जन्मलेले हे गणिती १८८९ मध्ये अमेरिकेत आले आणि पुढे जनरल इलेक्ट्रिक कंपनीत आयुष्यभर रमले. प्रत्यावर्ती प्रवाहाची गणिते संमिश्र संख्यांनी सोडवण्याची रीत त्यांनी रूढ केली. १९२० साली अमेरिकी विद्युत् अभियंत्यांच्या संस्थेच्या नियतकालिकात त्यांचा एक दीर्घ निबंध आला. त्याचे शीर्षक मराठीत असे होईल : ‘वीजनिर्मिती केंद्रांतील शक्तीचे नियंत्रण आणि स्थैर्य’. नियंत्रण आणि स्थैर्य हे दोन शब्द एका शीर्षकात आले, ही गोष्ट महत्त्वाची. वीजजाळ्याच्या स्थैर्याच्या अभ्यासाचा आरंभ म्हणून आजही या निबंधाचा उल्लेख होतो.

या दोन शब्दांतली ओढाताण वर्गात एका गणिताने दाखवता येईल. आकडे सोयीसाठी लहान घेतले आहेत. समजा, ‘अ’ आणि ‘ब’ अशी दोन केंद्रे आहेत. प्रत्येकाचा दाब १,००० व्होल्ट आणि प्रत्येकाच्या जनित्राचा अंतर्गत अडथळा ०.१ ओहम. दोन्ही केंद्रांच्या मुख्य पट्ट्या, म्हणजे बसबार, एका जाड तारेने थेट जोडलेल्या आहेत.

‘अ’च्या बसबारवर दोष झाला. ‘अ’कडून १०,००० अँपिअर आणि ‘ब’कडून १०,००० अँपिअर, असा एकूण २०,००० अँपिअर प्रवाह तेथे लोटेल. आता जोडतारेत ०.२ ओहमचा रिॲक्टर घाला. ‘ब’कडून येणारा प्रवाह १,००० भागिले ०.३, म्हणजे ३,३३३ अँपिअर होईल. एकूण प्रवाह २०,००० वरून १३,३३३ वर आला. छान झाले!

पण किंमत पाहा. एका जनित्राकडून दुसऱ्याकडे जास्तीत जास्त किती शक्ती जाऊ शकते, याचे सूत्र आहे दाबांचा गुणाकार भागिले मधला एकूण अडथळा. रिॲक्टर नसताना हा अडथळा ०.२ ओहम होता. कमाल शक्ती ५० लाख वॉट. रिॲक्टर घातल्यावर अडथळा ०.४ ओहम झाला. कमाल शक्ती २५ लाख वॉट. म्हणजे वर्षातून एखाद्या वेळी येणाऱ्या अपघातासाठी आपण दोन केंद्रांमधला बंध वर्षभर निम्म्याने सैल करून बसलो. आणि बंध सैल झाला, की जनित्रे डोलू लागतात.

डोलणारी जनित्रे

एका जाळ्यातली सगळी जनित्रे एकाच तालावर फिरतात. त्यांना एकमेकांशी बांधणारा दोर लोखंडाचा नसतो. तो विद्युत्शक्तीचा, स्प्रिंगसारखा असतो. एक जनित्र दुसऱ्याच्या किंचित पुढे असते, आणि या पुढेपणाच्या कोनाच्या साइनच्या प्रमाणात त्याच्याकडून शक्ती जाते. साइनचे मूल्य ९० अंशांना सर्वांत मोठे असते. कोन त्याच्या फार पुढे गेला, तर ओढ वाढण्याऐवजी घटत जाते आणि जनित्र तालातून सुटते.

दोष होतो तेव्हा नेमके काय होते? जनित्राजवळच दोष झाला, तर प्रवाह प्रचंड असतो, पण तेथला दाब शून्यावर येतो. दाबच नाही, म्हणून शक्ती बाहेर जात नाही. विद्यार्थ्यांना हे चमत्कारिक वाटते : प्रवाह सर्वांत जास्त आणि दिलेली शक्ती जवळजवळ शून्य! इकडे टर्बाइनला याची खबर नसते. वाफ किंवा पाणी त्याला पूर्वीच्याच जोराने ढकलत राहते. गाडीचे जू अचानक सुटले, की बैल जसे पुढे धावत सुटतात, तसे जनित्र वेग घेऊ लागते.

किती वेग? समजा, जनित्र पूर्ण भाराने चालले आहे आणि त्याच्या फिरत्या भागात ४ सेकंद पूर्ण भार पुरवता येईल एवढी ऊर्जा साठलेली आहे. मोठ्या यंत्रांच्या बाबतीत हा आकडा वास्तवाला धरून आहे. ५० हर्ट्झच्या जाळ्यात त्याच्या कोनाचे त्वरण सेकंदाला सेकंदाला २,२५० अंश येते. आता अर्धे गुणिले त्वरण गुणिले काळाचा वर्ग, हे पडणाऱ्या दगडाचेच सूत्र लावा. ०.१ सेकंदात कोन सुमारे ११ अंशांनी वाढेल, ०.२ सेकंदात ४५ अंशांनी. वेळ दुप्पट, तर घसरण चौपट. आधीच ४० अंश पुढे असलेले जनित्र ०.२ सेकंदात ८५ अंशांवर पोचेल, आणि तोपर्यंत घेतलेल्या वेगाच्या भरात ते तेथे थांबणारही नाही.

म्हणजे स्थैर्य राखण्याचे मार्ग दोन. पहिला, दोष लवकर तोडणे. दुसरा, दोष असेतोवर जनित्राला काहीतरी ओझे देत राहणे. दुसऱ्या मार्गाचे भव्य उदाहरण अमेरिकेत आहे. वॉशिंग्टन राज्यातील चीफ जोसेफ येथे १९७४ साली बॉनव्हिल पॉवर ॲडमिनिस्ट्रेशनने १,४०० मेगावॉट शक्ती जाळू शकणारा एक रोधक उभारला. जाळ्यात मोठी गडबड झाली की तो अर्ध्या सेकंदापुरता जोडायचा आणि पळू पाहणाऱ्या जलविद्युत् जनित्रांना ब्रेक लावायचा, एवढेच त्याचे काम.

यातून एक गोष्ट स्पष्ट होते. चोकसारखा मर्यादक प्रवाह आवरतो, पण शक्ती जाळत नाही. रोधाच्या जातीचा मर्यादक प्रवाहही आवरतो आणि जनित्राला ओझेही देतो. फक्त हे ओझे माफक हवे. फार झाले तर जनित्र पळण्याऐवजी मंदावून तालाबाहेर जाते.

असून नसल्यासारखा

तेव्हा हवा होता तो असा पहारेकरी, जो एरवी वाटेत नाहीच असे वाटावे आणि दोष होताच एका आवर्तनाच्या आत आडवा यावा. वायरमन मंडळींच्या सिरीज बोर्डावरचा साधा बल्ब हे त्याचे घरगुती रूप म्हणता येईल. तपासायच्या यंत्राच्या वाटेत तारेचा बल्ब जोडलेला असतो. बल्बची तार थंड असताना तिचा रोध तापलेल्या तारेच्या रोधाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास असतो. यंत्र थोडाच प्रवाह घेणारे आणि निर्दोष असेल, तर बल्ब मंद राहतो व फारसा आड येत नाही. आत तारा टेकलेल्या असतील, तर बल्ब झगझगीत पेटतो, त्याचा रोध वाढतो आणि सगळा दाब तोच झेलतो. वर्गात हा प्रयोग टॉर्चचे सेल आणि टॉर्चचा बल्ब घेऊनच करावा. घरच्या विजेवर मुलांना करू देऊ नये.

मोठ्या प्रवाहांसाठी १९५५ साली जर्मनीतील कालोर-एमाग कंपनीने एक धाडसी युक्ती काढली. मुख्य वाहकाच्या आत एक लहानसा स्फोटक भार ठेवलेला असतो. प्रवाहाची वाढ धोक्याची आहे असे कळताच स्फोट होऊन वाहक एक मिलिसेकंदाच्या आत तुटतो. प्रवाह शेजारच्या फ्यूजमध्ये वळतो आणि पहिले शिखर येण्याआधीच तुटतो. मध्यम दाबाच्या कारखान्यांत व केंद्रांत ही युक्ती रुळली. पण प्रत्येक वेळी नळी बदलावी लागते, आणि तोडणे हे काही आवरणे नव्हे.

खऱ्या अर्थाने ‘असून नसल्यासारखा’ पदार्थ १९११ सालीच सापडला होता. लायडन येथे कामर्लिंग ऑनेस यांना पारा ४.२ केल्विनपर्यंत थंड केल्यावर त्याचा रोध नाहीसा झालेला दिसला. या अतिसंवाहकतेला प्रवाहाची मर्यादा असते. ती ओलांडली की अतिसंवाहकता मोडते आणि रोध आपोआप प्रकट होतो. ना रिले, ना स्फोट. पदार्थाचा गुणधर्मच पहारेकरी. अडचण होती ती द्रव हेलियमच्या खर्चाची. १९८६ साली बेडनोर्झ आणि म्युलर यांनी सिरॅमिक अतिसंवाहक शोधले. १९८७ मध्ये ९० केल्विनच्या वर टिकणारे पदार्थ हाती आले, आणि ७७ केल्विनचा स्वस्त द्रव नायट्रोजन पुरेसा ठरला.

यानंतर प्रयोगशाळेतून जाळ्यात जायला दहा वर्षेही लागली नाहीत. १९९६ मध्ये एबीबी कंपनीने स्वित्झर्लंडमधील ल्योंच जलविद्युत् केंद्रात १.२ मेगाव्होल्ट-अँपिअरचा अतिसंवाहक मर्यादक बसवून वर्षभर चालवला. २००४ मध्ये जर्मनीतील नेटफेन येथे १० किलोव्होल्टचा मर्यादक दोन बसबारांच्या मधल्या दुव्यावर बसला. २००९ मध्ये जर्मनीतल्याच बॉक्सबर्ग औष्णिक केंद्राच्या अंतर्गत पुरवठ्यात एक आला. २०१४ मध्ये एसेन शहरात एक किलोमीटर लांबीच्या अतिसंवाहक केबलच्या जोडीला मर्यादक बसवला गेला. २०१९ मध्ये मॉस्कोतील म्नेवनिकी उपकेंद्रात ही मजल २२० किलोव्होल्टपर्यंत गेली. २०२१ मध्ये शिकागोतही दोषप्रवाह स्वतःच आवरणारी अतिसंवाहक केबल कामाला लागली.

तरी असे मर्यादक गल्लोगल्ली दिसत नाहीत. क्षणभराच्या कामासाठी ते वर्षभर थंड ठेवावे लागतात. एकदा तापल्यावर पुन्हा थंड होऊन सज्ज व्हायलाही वेळ लागतो. महाग वस्तू थोड्याच घेता येतात. आणि थोड्याच घेता येणार असतील, तर त्या कोठे ठेवायच्या, हा प्रश्न उभा राहतो.

जागेचा प्रश्न

आपल्या ‘अ’ आणि ‘ब’ केंद्रांच्या गणिताकडे परत जाऊ. दोष झाल्यावर ०.२ ओहम अडथळा करणारा आणि एरवी शून्य असणारा एक मर्यादक आपल्याजवळ आहे. तो तीन जागी ठेवून पाहू.

पहिली जागा, दोन केंद्रांमधला दुवा. ‘अ’च्या बसबारवर दोष झाला, तर एकूण प्रवाह १३,३३३ अँपिअर. ‘अ’चा दाब शून्य होईल, पण ‘ब’च्या बसबारवर १,००० पैकी ६६७ व्होल्ट शिल्लक राहतील. ‘ब’चे ग्राहक अंधुक उजेडात का होईना टिकतील, आणि ‘ब’च्या जनित्राला आपले ओझे बरेचसे मिळत राहील.

दुसरी जागा, ‘अ’च्या जनित्राची वाट. आता ‘अ’कडून ३,३३३ आणि ‘ब’कडून १०,०००, म्हणजे एकूण प्रवाह पुन्हा १३,३३३ अँपिअर! पण दोन्ही बसबार थेट जोडलेले असल्याने ‘ब’चा दाबही शून्य. दोन्ही जनित्रे ओझ्यावाचून पळू लागतील. तेच यंत्र, तोच प्रवाह. फक्त जागा बदलली, आणि निम्मे गाव वाचायचे ते सगळे गेले.

तिसरी जागा, बाहेर जाणारी एखादी वाहिनी. त्या वाहिनीवर दोष झाला, तर प्रवाह २०,००० ऐवजी फक्त ४,००० अँपिअर, आणि दोन्ही बसबारांवर ८०० व्होल्ट शिल्लक. याहून उत्तम काय हवे? पण हा पहारा त्या एकाच वाहिनीपुरता आहे. वाहिन्या दहा असतील, तर मर्यादक दहा हवेत.

दोन केंद्रांचे हे गणित हाताने सुटले. खऱ्या जाळ्यात मात्र संयोगांची संख्या झपाट्याने वाढते. संशोधक अनेकदा अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागावर आधारलेला, १० जनित्रांचा व ३९ बसबारांचा नमुना वापरतात. त्यात ३४ वाहिन्या आहेत. त्यांतल्या तिनांवर मर्यादक ठेवायचे, तर निवडीचे प्रकार ५,९८४ होतात. प्रत्येक प्रकारात दोष कोठे होईल, किती वेळ टिकेल, भार किती असेल, हे पुन्हा वेगळे. म्हणून आधी प्रत्येक जागेचा दोषप्रवाहावर व जनित्रांच्या कोनांवर किती परिणाम होतो ते मोजून निरुपयोगी जागा गाळतात, आणि उरलेल्यांत संगणकाने शोध घेतात. हाती येणारी उत्तरे गणितातल्यासारखीच असतात. जेथे दोषप्रवाह सर्वाधिक, ती जागा स्थैर्यासाठी सर्वोत्तम असेलच असे नाही. एकाच कसोटीवर जागा निवडली, तर दुसरीवर ती नापास होऊ शकते.

आणखी एक खोच आहे. वाहिन्यांचे रिले दाब भागिले प्रवाह, असा भागाकार करून दोष किती दूर आहे ते ओळखतात. वाटेत मर्यादकाचा अडथळा आला, की जवळचा दोष त्यांना दूरचा वाटतो. अशा ओळखीतल्या चुकीची किंमत आपल्याला उलट्या बाजूने ठाऊक आहे. ३० आणि ३१ जुलै २०१२ रोजी बीना-ग्वाल्हेर ही ४०० किलोव्होल्टची वाहिनी तुटली. तेथे दोष नव्हताच. अतिभार आणि खालावलेला दाब यांमुळे रिलेला दोष भासला. पाठोपाठ पहिल्या दिवशी उत्तर भारत, आणि दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व व ईशान्य भारत अंधारात गेला. तेव्हा मर्यादक बसवणे म्हणजे त्याच्या आजूबाजूच्या सगळ्या रिलेंना नवे डोळे देणे होय.

आपल्या जाळ्याची गोष्ट

भारतातही जोडणे आणि आवरणे यांची ओढाताण पाहायला मिळते. १९९७-९८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावती येथे १,००० मेगावॉटचे केंद्र उभे राहिले. तेथे पश्चिम भारताची प्रत्यावर्ती वीज एकदिश करून, लगेच पुन्हा प्रत्यावर्ती करून दक्षिणेला दिली जाते. अशा दुव्यातून ठरवलेली शक्ती जाते, पण एकीकडचा दोषप्रवाह दुसरीकडे जात नाही आणि एकीकडचे हेलकावेही तसेच्या तसे पलीकडे पोचत नाहीत. एका अर्थी तो अतिशय शिस्तीचा मर्यादकच. पण त्यातून संकटकाळी आपोआप धावून येणारी मदतही मिळत नाही. ३१ डिसेंबर २०१३ रोजी सोलापूर-रायचूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी जोडली गेली आणि दक्षिणेसह सारा देश एका तालावर आला. बळ वाढले, आणि त्याबरोबर ते आवरण्याची जबाबदारीही.

आता सौरऊर्जेने या गोष्टीला नवे वळण दिले आहे. फिरते जनित्र दोषाच्या वेळी आपल्या नेहमीच्या प्रवाहाच्या कितीतरी पट प्रवाह लोटते. सौर केंद्राचा इन्व्हर्टर मात्र जेमतेम सव्वा-दीड पट देऊ शकतो, कारण त्यातले नाजूक अर्धवाहक त्याहून जास्त सोसत नाहीत. तेव्हा जुन्या उपकेंद्रांजवळ दोषप्रवाह फार मोठा होण्याची काळजी आहे, तर सौर प्रकल्पांच्या मुलखात तो इतका लहान होण्याची, की रिलेंना दोष दिसूच नये. एकाच जाळ्यात एका ठिकाणी लगाम हवा, तर दुसऱ्या ठिकाणी बळ हवे.

एडिसनच्या बारीक तारेपासून मॉस्कोच्या अतिसंवाहकापर्यंत यंत्रे पुष्कळ बदलली. स्टाइनमेट्झ यांच्या शीर्षकातले दोन शब्द मात्र अजून एकमेकांना सोडत नाहीत. वर्गात ‘अ’ आणि ‘ब’चे गणित झाल्यावर तिसरे केंद्र ‘क’ जोडावे, मुलांच्या हाती एकच मर्यादक द्यावा आणि जागा त्यांनाच निवडू द्यावी. मात्र निवड सांगताना, आपण कोणाला वाचवले आणि कोणाला अंधारात ठेवले, हेही त्यांना सांगायला लावावे. वीजजाळे चालवणाऱ्यांना हाच हिशेब रोज करावा लागतो.